वर्धेच्या अलीकडचा देश

पुण्यात शिकायला गेलो त्या वर्षी खोलीवरच्या मुलांनी माझं नाव 'वऱ्हाडी' पाडलं. मी चंद्रपूरचा. "अरे, मी वऱ्हाडी नाही," असं सांगितलं की उत्तर यायचं, "तेच ते. नागपूरकडचा म्हणजे वऱ्हाडीच." दिवाळीत घरी आल्यावर आजोबांना हे सांगितलं. त्यांनी सुपारी कातरता कातरता मान हलवली. म्हणाले, "वऱ्हाड वर्धेच्या तिकडं. आपन झाडीतले."

आजोबांचा हा नकाशा आजही खरा आहे. वरोऱ्याहून वणीला निघालं की पाटाळ्याला वर्धा नदीचा पूल लागतो. पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा, म्हणजे जुनं वऱ्हाड. काळी माती, कपाशी, ज्वारी. उलट दिशेने, चंद्रपूरहून मूल, सिंदेवाही, नागभीडकडे जा. कपाशी मागे पडते आणि बांध्यांमध्ये धान दिसू लागतं. गावागणिक तलाव, शेताच्या कडेला बोडी, धान कापणीच्या सुमारास ओलीत टाकलेली लाखोळी, होळीच्या आसपास पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या बाया. दिवाळीनंतर मंडया भरतात आणि रात्रभर नाटकं चालतात. ही झाडीपट्टी. वैनगंगा ओलांडून आणखी पूर्वेला गेलं की गडचिरोलीचं दाट जंगल. तिथे माडिया आणि गोंडी कानावर पडते. दक्षिणेला सिरोंच्यात बाजार तेलुगूत चालतो. मुलचेरा-चामोर्शीच्या बाजूला बंगाली निर्वासितांची गावं आहेत. या सगळ्यांना बाहेरचा माणूस एकाच शब्दात बोलावतो, आणि तो शब्द बहुतेक वेळा चुकीचा असतो.

अशी चूक आपणही करत आलो आहोत. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून एक राज्य आहे. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाले, १८०१ मध्ये आयर्लंड जोडलं गेलं, १९२२ मध्ये त्याचा मोठा भाग सुटला आणि १९२७ मध्ये राज्याचं नाव पुन्हा बदललं. मराठीत मात्र सगळे 'इंग्रज'. हा शब्दही आपण पोर्तुगिजांकडून घेतला. आणि त्यांच्या देशाला म्हटलं 'विलायत', ज्याचा मूळ अर्थ नुसता 'प्रांत'. एडिनबराच्या माणसाला इंग्लिश म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते मला चांगलं कळतं. पुण्याच्या त्या खोलीत माझाही चेहरा तसाच व्हायचा.

पण ही चूक माझ्या खोलीवरच्या मुलांची नव्हती. चारशे वर्षांत ती तीनदा कागदावर झाली आहे.

पहिल्यांदा अकबराच्या काळात. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन केलं. त्या वर्णनात चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, गोंड राजा बाबाजी येतो. हजार घोडेस्वार, चाळीस हजार पायदळ आणि वैरागडची हिऱ्याची खाण अशी त्याची नोंद आहे. वैरागड आज गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यात आहे. राजा स्वतःच्या राज्यात, स्वतःच्या कोटात होता, पण मोगल दफ्तराच्या लेखी तो वऱ्हाडच्या परिशिष्टात गेला. याच अबुल फजलने 'अकबरनाम्या'त राणी दुर्गावतीवरच्या १५६४ च्या स्वारीची हकिकत सांगताना 'गोंडवाना' हे नाव वापरलं: गोंडांचा मुलूख. म्हणजे एका हाताने त्याने सगळ्या गोंडांना एक देश दिला आणि दुसऱ्या हाताने त्या देशाचा दक्षिण तुकडा वऱ्हाडला चिकटवला.

एक देश असा गोंडवाना तेव्हाही नव्हता. राज्यं चार सांगतात: गढा-मंडला, देवगड, खेरला आणि चांदा. चांद्याच्या राजांची गादी आधी सिरपूरला होती, जे आता तेलंगणात आहे. तिथून ती बल्लारपूरला आली आणि मग झरपट नदीच्या काठी, चंद्रपूरला. खांडक्या बल्लाळशहाने एका सशाला कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिलं आणि ती जागा वीरभूमी मानून तिथे शहर वसवलं, ही गोष्ट चंद्रपुरात प्रत्येक मुलाला माहीत असते. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अचलेश्वर अशा चार दरवाजांचा परकोट आजही उभा आहे. दरवाजांवर दगडात कोरलेला सिंह आहे आणि त्याच्या पंजाखाली हत्ती. हे चांद्याच्या राजचिन्हाचं चित्र जटपुरा गेटमधून रोज जाणारी हजारो माणसं मान वर करून बघत नाहीत. मीही कित्येक वर्षं बघितलं नव्हतं. अचलेश्वराशेजारी राजा बीरशहाची समाधी आहे, ती राणी हिराईने बांधली. नवऱ्यासाठी बायकोने बांधलेलं एवढं देखणं स्मारक महाराष्ट्रात दुसरं मला माहीत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'चांदा' ही इंग्रजांनी केलेली चंद्रपूरची मोडतोड, असं आमच्याकडे सर्रास सांगतात. ते खरं नाही. मोगल सरदार दिलेरखान १६६७ मध्ये खंडणी वसुलीला आला तो चांद्यावरच, आणि मराठी कागदपत्रांत 'देवगड-चांदा' ही जोडी इंग्रज इथे पाय ठेवायच्या कितीतरी आधी आहे. लोकपूर, इंदुपूर, चंद्रपूर अशी नावांची साखळी आख्यायिका सांगते. तिला आख्यायिकेचा मान द्यावा. पण चांदा हे गोंड राजांच्या काळातलं, लोकांच्या तोंडचं नाव होतं. १९६४ च्या सुमारास जिल्ह्याचं नाव चंद्रपूर झालं तेव्हा परकं नाव पुसून आपलं आणलं, अशी भावना होती. माझ्या मते पुसलं गेलं तेही आपलंच होतं.

देवगडची गादी बख्तबुलंदाकडे आली. औरंगजेबाच्या दरबारी तो मुसलमान झाला आणि परतल्यावर १७०२ मध्ये त्याने नागपूर वसवलं. विदर्भाची राजधानी म्हणून जे शहर मिरवतं, तेही असं गोंड राजाचं. पुढे रघुजी भोसल्यांनी देवगड घेतलं आणि १७५१ मध्ये चांद्याचा शेवटचा राजा नीळकंठशहा कैद झाला. दोन्ही राज्यं नागपूरकर भोसल्यांच्या पोटात गेली.

चूक दुसऱ्यांदा झाली ती इथे. कंपनीचे अधिकारी नागपूरच्या भोसल्यांना 'बेरारचा राजा', म्हणजे वऱ्हाडचा राजा, म्हणत. वेलस्ली बंधूंच्या खलित्यांत दुसऱ्या रघुजींचं हेच नाव आहे. आडगाव आणि गाविलगडचा पराभव झाल्यावर १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. त्यात वर्धा नदीच्या पश्चिमेच्या मुलखावरचा हक्क रघुजींनी सोडला. तो मुलूख, म्हणजेच वऱ्हाड, निजामाकडे गेला. ज्याला बेरारचा राजा म्हणायचं त्याच्या हाती बेरार उरलं नाही. उरलं ते नागपूर, भंडारा, छत्तीसगड आणि चांदा. तरी इंग्रजी कागदांत 'बेरारचा राजा' चालूच राहिला. वर्धेच्या अलीकडच्या माणसाला वऱ्हाडी म्हणायची सवय पुस्तकांतून माणसांत उतरली असेल, तर तिचा उगम मला या खलित्यांत दिसतो.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि राज्य खालसा झालं. पुढच्या वर्षी चांदा इंग्रजांचा जिल्हा झाला. चारच वर्षांनी मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके उठला. अडपल्ली-घोटचा व्यंकटराव त्याला मिळाला. नांदगाव-घोसरी, सगणापूर, बामणपेठ इथे लढाया झाल्या. १८५८ च्या एप्रिलअखेर चिंचगुंडीला तारायंत्राचे दोन कर्मचारी मारले गेले आणि सरकार हादरलं. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूरावला चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. ज्या पिंपळावर फाशी दिली म्हणतात, त्याला लोक अजून नमस्कार करतात. आज त्याला १८५७ च्या भारतीय स्वातंत्र्ययुद्धाचा वीर म्हणतात, गोंडवानाचा वीर म्हणतात, विदर्भाचा आणि महाराष्ट्राचा सुपुत्रही म्हणतात. तो लढला त्या दिवसांत यांतली दोन-तीन नावं या अर्थाने अस्तित्वातच नव्हती. तो लढला ते आपल्या परगण्यासाठी आणि आपल्या जमातीसाठी.

१८६१ मध्ये नागपूर मुलूख आणि सागर-नर्मदा मुलूख जोडून नवा प्रांत केला. नाव ठेवलं 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस', मध्यप्रांत. पंजाब, बंगाल, सिंध या नावांमागे माणसं आहेत, बोली आहेत. मध्यप्रांत या नावात कोणीच राहत नाही. चारी गोंड राज्यांचा मुलूख बहुतेक सगळा या एका प्रांतात आला होता. गोंडवाना हे नाव द्यायचंच असतं तर त्याहून चांगली संधी आली नसती. आपल्याच देशात ते नाव सरकारी नकाशावरून उठलं.

सिरोंच्याची कथा तर आणखी वेगळी. निजामाने १८६० च्या तहात गोदावरीकाठचा जो मुलूख दिला त्याचा 'अप्पर गोदावरी' नावाचा जिल्हा झाला आणि सिरोंचा त्याचं मुख्य ठाणं. त्या काळी गोदावरीतून बोटी चालवून वऱ्हाड-नागपूरचा कापूस थेट पूर्व किनाऱ्याला न्यायची मोठी योजना होती. आर्थर कॉटनसारखा अभियंता तिचा पुरस्कर्ता. खडकाळ पात्रात बांध घातले, कालवे खणले, माणसं तापाने मेली. १८७१ मध्ये काम थांबलं आणि १८७४ मध्ये जिल्हाच मोडून सिरोंचा तहसील चांद्याला जोडली. एका जलमार्गासाठी एका मुलखाला नाव मिळालं आणि जलमार्ग बुडाला तसं ते गेलं.

याच वर्षांत नागपुरात एक माणूस गोंडांना त्यांचं नाव विचारत होता. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप, १८४० च्या दशकात नागपूरला आलेला मिशनरी. आजचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. नागपूरकरांच्या लेखी तो इंग्रज पाद्री. प्रत्यक्षात तो स्कॉटलंडच्या डन्स गावचा, फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा. त्याने गोंडांच्या 'साडेबारा जाती' नोंदवल्या आणि लिहून ठेवलं की यांतले प्रमुख गट स्वतःला गोंड म्हणत नाहीत, 'कोयतूर' म्हणतात. गोंडांच्या एका परधान भाटाकडून त्याने लिंगोची कथा उतरवून घेतली. देवांनी कोंडलेल्या कोयतूरांना लिंगो गुहेतून सोडवतो, त्यांना गोत्रं वाटून देतो, ही ती कथा. पहाडाला तेलुगूत 'कोंडा' म्हणतात, त्यावरून शेजाऱ्यांनी यांना गोंड म्हटलं असावं, हे मत त्यानंतर बऱ्याच अभ्यासकांनी उचललं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळच्या ओढ्यात हिस्लॉप बुडाला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापले. मला हा प्रसंग नेहमी जवळून पाहावासा वाटतो: ज्याला सगळे इंग्रज म्हणतात असा एक स्कॉट, ज्यांना सगळे गोंड म्हणतात अशा कोयतूरांसमोर बसून विचारतो आहे, तुम्ही स्वतःला काय म्हणता? त्याला हा प्रश्न सुचला, कारण तो ज्या देशातून आला तिथे हा प्रश्न घरोघरी होता, असं मी समजतो.

हिस्लॉप भूगर्भाचाही अभ्यासक होता. त्याच्या मागून आलेल्या भूशास्त्रज्ञांनी गोंडवाना हे नाव पुन्हा वर काढलं, पण माणसांसाठी नाही. हेन्री मेडलिकॉटने १८७२ मध्ये कोळसा धरून असलेल्या विशिष्ट खडकांच्या थरांना 'गोंडवाना' म्हटलं. वरोरा, बल्लारपूर, घुग्घुस इथला कोळसा याच थरांतला. मग व्हिएन्नाच्या एडुआर्ड झ्यूसने १८८५ मध्ये दक्षिणेकडच्या खंडांना कधीकाळी जोडणाऱ्या प्राचीन भूभागाला 'गोंडवाना-लँड' हे नाव दिलं. ग्लॉसॉप्टेरिस या वनस्पतीचे ठसे भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया सगळीकडे मिळत होते. १९१२ मध्ये अंटार्क्टिकात कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती थंडीने मेले, तेव्हा त्यांच्या स्लेजवर सुमारे १६ किलो दगड होते, आणि त्यांतही हेच पान होतं. आज ब्राझीलच्या मुलालाही शाळेत गोंडवाना शिकावं लागतं. कोयतूरांना शेजाऱ्यांनी दिलेलं नाव अर्ध्या पृथ्वीचं नाव झालं. सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्मांचं उद्यान आहे. करोडो वर्षांपूर्वीचे वृक्ष तिथे दगड होऊन पडले आहेत. ते पाहायला येणाऱ्यांना गोंडवाना हा शब्द भूगोलाच्या पुस्तकातून माहीत असतो. गोंडी ही भाषा आहे हे मात्र अनेकांना तिथे आल्यावर कळतं.

तिसरी चूक १९०३ ची. निजामाकडून वऱ्हाड १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचं भाड्याने घेतलं आणि पुढच्या वर्षी मध्यप्रांताला जोडलं. प्रांत 'सीपी अँड बेरार' झाला. कागदोपत्री दोघांमध्ये 'आणि' होता, बोलण्यात तो गळाला. वऱ्हाडवरचं निजामाचं सार्वभौमत्व तर शेवटपर्यंत मान्य होतं, त्याच्या थोरल्या मुलाला १९३६ मध्ये 'प्रिन्स ऑफ बेरार' किताबही मिळाला. चांद्याचा त्या राजपुत्राशी काहीही संबंध नव्हता. तरी प्रांताबाहेरचा माणूस चांद्याच्या माणसाला बेरारी समजे.

१९५० मध्ये या प्रांताचा मध्यप्रदेश झाला. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये मराठी भाषक आठ जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य सुचवलं. ते झालं नाही. आठ जिल्हे १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. विदर्भ हे नाव फार जुनं, रुक्मिणीचं माहेर कौंडिण्यपूर अमरावती जिल्ह्यात. म्हणजे त्याचा जीव वर्धेच्या पलीकडे. त्या काळच्या पुढाऱ्यांना याची जाण होती. म्हणूनच बापूजी अणे यांच्या चळवळीचं नाव 'नाग-विदर्भ आंदोलन समिती' होतं. नाग म्हणजे नागपूरकडचा भाग, विदर्भ म्हणजे वऱ्हाड. अहेरीचे राजे विश्वेश्वरराव याच चळवळीतले. मधलं ते जोडचिन्ह मला फार प्रामाणिक वाटतं. पुढे तेही गळालं आणि आम्ही नुसते विदर्भवाले झालो.

राजुऱ्याला तर हेही सुखासुखी मिळालं नाही. राजुरा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात. आमच्याकडची जुनी माणसं त्या बाजूला 'मोगलाई' म्हणत. १९५६ नंतर तो नांदेडला जोडला आणि १९५९ मध्ये चांद्याला आला. म्हणून राजुऱ्यात आजही १७ सप्टेंबरचा हैदराबाद मुक्तिदिन पाळतात. उरलेल्या जिल्ह्याला त्या तारखेचं काही वाटत नाही. शेजारच्या जिवती तालुक्यात पहाडावरची १४ गावं महाराष्ट्र आणि तेलंगण दोघंही आपली म्हणतात. तिथल्या माणसांकडे दोन राज्यांची ओळखपत्रं आहेत आणि दोन भाषांच्या शाळा.

जुनी नावं व्यापारात आणि रेल्वेत टिकतात. आलापल्लीचं सागवान वखारीत अजून 'सीपी टीक' म्हणून विकलं जातं. गोंदियाहून येणारी गाडी 'चांदा फोर्ट'ला थांबते. भद्रावतीचा दारूगोळ्याचा कारखाना 'ऑर्डनन्स फॅक्टरी चांदा' आहे. गाव बल्लारपूर, स्टेशन बल्हारशाह. बाहेरचा प्रवासी फलाटावर उतरून विचारतो, "बल्लारपूर किती लांब?" आणि हमाल सांगतो, "इथंच उभे आहात."

या नावांच्या घोळाने माणसांचे जीवही घेतले आहेत. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत १८ व्या क्रमांकाखाली 'गोंड' आहे आणि त्याच्या पोटात कोया, कोयतर, माडिया, माना अशी कितीतरी नावं एका रांगेत भरली आहेत. त्यात एक नोंद 'गोंड गोवारी'. पूर्व विदर्भातले गुरं राखणारे गोवारी म्हणत आले की ही नोंद आमचीच. सरकार म्हणे, तुम्ही नुसते गोवारी. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर त्यांचा मोर्चा नागपुरात आला. चेंगराचेंगरीत ११४ माणसं मेली. बाया आणि लहान मुलं त्यांत कितीतरी होती. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला आणि २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. यादीतल्या दोन शब्दांचं नाव एक की दोन, या प्रश्नात तीन पिढ्या गेल्या. मानांना आपली वेगळी ओळख २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून मिळवावी लागली. वैरागडला कधीकाळी राज्य केलेली ही जमात.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचा पूर्व भाग तोडून गडचिरोली जिल्हा झाला. २०११ मध्ये या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोलीत विद्यापीठ निघालं आणि त्याला नाव दिलं गोंडवाना. मला त्या दिवशी आनंद झाला होता. दीडशे वर्षांनी ते नाव सरकारी पाटीवर परत आलं होतं. नंतर भामरागडकडच्या एका माडिया विद्यार्थ्याला मी हे उत्साहाने सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, ते नाव चांगलं आहे. पण माझ्या गावात कोणी स्वतःला गोंड म्हणत नाही."

धानोरा तालुक्यात मोहगाव आहे. तिथल्या ग्रामसभेने २०१९ मध्ये मुलांना गोंडीतून शिकवणारी आपली शाळा काढली. देवनागरीत लिहिलेली गोंडी, आपली गाणी, आपल्या झाडांची नावं. शाळेला कोणतं नाव द्यायचं हे यावेळी कोणी बाहेरून सांगितलं नाही, गावाने ठरवलं. पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल. त्या पाच शब्दांत गोंड हा शब्द नाही.